थंडी संपायच्या आत गोधडी पुरी करायचीय, मदत हवी (आणि तुमच्याकडे काय चाललंय तेही सांगा)

सुईदोरा
नमस्कार मंडळी. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की अजून लादी पायाला गार लागतेय, पण दुपारी बाराला पंखा लावावाच लागतो. म्हणजे ठाण्यातली थंडी आता जेमतेम आठ-पंधरा दिवसांची. आणि माझं काम अजून सुरूच नाही म्हणून हा धागा.

लेकीला बंगळुरूला नोकरी लागलीय, होळी झाली की जाणार. जाताना काय नेशील विचारलं तर म्हणे आजीच्या पातळांची गोधडी. सासूबाईंनी (वय ८१) दुसऱ्याच दिवशी कपाटातून चार सुती पातळं काढून माझ्या पुढ्यात ठेवली. शाळेत शिकवायच्या तेव्हाची सगळी. एक मोरपंखी, एक जांभळं इरकल, एक नारायणपेठ, आणि एक पांढरं जे धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की हातात घेतलं तर ताकासारखं ओघळतं. मोरपंखीला खांद्यावर जिथे पदराची पिन लावायच्या तिथे बारीक बारीक भोकं आहेत, सगळी वीतभर जागेत, उजेडात धरलं की चाळणीसारखी दिसतात. एकाच जागी बत्तीस वर्षं पिन. ते बघून मी ठरवलं की हे मशीनवर टाकायचं नाही, हातानेच शिवायचं.

मागच्या वर्षी एका दुकानात पातळं देऊन पाहिली होती. आत पॉलिस्टरचा थर घालून, वर मशीनची चौकटी शिवण मारून आली, पांघरली की अंगाला चिकटायची, आणि दिलेल्या पाचातली दोन पातळं त्यात नव्हतीच. विचारलं तर धड उत्तर नाही. त्यातलं एक माझ्या आईचं होतं. ते अजून लागून राहिलंय.

तर प्रश्न असे, की सुरुवात मधून करायची की कडेने, झोळ येऊ नये म्हणून काय करायचं, आणि घरात दोन नायलॉनच्या साड्या पडल्यात त्या मधे घातल्या तर चालतील का. आमचा हॉल लहान आहे, सोफा सरकवून कशीबशी जागा होते. ज्यांनी घरी केलीय त्यांनी सविस्तर सांगा. बाकीच्यांनी या दिवसांत घरात काय चाललंय ते लिहा, टाके घालता घालता वाचेन.

नौपाडा_जुनं_घर
पहिला प्रश्न मी तुला विचारते. अंथरायची की पांघरायची? सगळं त्यावर आहे. अंथरायची असेल तर सहा-सात थर हवेत, पांघरायला तीन-चार भरपूर, जास्त घातलेस तर पोरीच्या छातीवर ओझं होईल आणि धुतल्यावर तिला ती एकटीला पिळताही येणार नाही.

नायलॉन अजिबात नको. ते आत सरकतं, टाका धरत नाही, आणि दोन धुण्यांत सुती कापड आटतं नि नायलॉन तसंच राहतं, मग आत गोळे होतात.

आता पद्धत सांगते, माझ्या आजेसासूबाईंची. आधी चारही पातळं गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढ. जांभळ्याचा रंग जातो का बघ, पांढरं फडकं ओलं करून काठावर घास, फडक्याला रंग लागला तर ते पातळ आणखी दोनदा वेगळं धू. सहावारी बरोबर मधून कापलीस की नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे होतात. ते लांबीला लांबी लावून जोडलेस की साडेसात फूट रुंद एक थर तयार. चार पातळांचे चार थर. शिवताना आटून, कडा मुडपून सात बाय साडेआठच्या आसपास येईल. एकटीला असेल तर दुहेरी करून पांघरेल. फक्त एक लक्षात ठेव, सगळे जोड एकाखाली एक येऊ देऊ नकोस, एकेक वीत इकडेतिकडे सरकव, नाहीतर मधोमध दोरखंडासारखी वळी येते आणि ती नेमकी पाठीला टोचते.

मग थर पसरायचे. पांढरं आणि जुनं आत, मजबूत असेल ते वर आणि खाली. हाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत जायचं, आणि मधूनच कडेकडे मोठे मोठे कच्चे टाके घालायचे, वीतभर अंतराने. हे करताना घाई केली की झोळ आलाच म्हणून समज. चार थर एकमेकांना धरून बसले की कडा आत मुडपायच्या, आणि खरा धावदोरा कडेने सुरू करून गोल गोल आत यायचं. दोन बोटं अंतर. टाका तांदळाच्या दाण्याएवढा.

दोरा हातभरच घे. लांब घेतला की गुंता होतो. घ्यायच्या आधी मेणावरून एकदा ओढ, चारही थरांतून सर्रकन जातो. गाठ वर दिसू द्यायची नाही, थरांच्या मधे ओढून घ्यायची. अंगुस्तान घातल्याशिवाय बसू नकोस, चार थर म्हणजे बोटाची पहिल्या दिवशीच चाळण होते.

मुका_खांब
जुनं घर काकू, हे सगळं कॉपी करून ठेवलं.

मी पुरुष आहे आणि क्रोशे करतो, ऐरोलीहून ठाण्याला रोज ट्रेनने जातो त्यात. आईने लॉकडाऊनमधे शिकवलं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, एवढ्या चार टाक्यांवर सगळं उभं असतं. सध्या भाच्यासाठी टोपी चाललीय, बाळ पाच महिन्यांचं आहे. आधी सुरुवातीच्या गोलात बारा खांब घातले, दुसऱ्या ओळीत प्रत्येकात दोन, मग एक सोडून एकात दोन, असं वाढवत हाताच्या तळव्याएवढं झालं की वाढवणं थांबवायचं, मग आपोआप खाली वळतं. लोकरीऐवजी सुती दोरा घेतला कारण आपल्याकडे लोकरीने बाळाला पुरळ येतं, आणि मार्चमधे गार हवेच्या बसमधे तीच टोपी कामाला येईल.

सुईदोरा ताई, गोधडीला क्रोशेची कड लावली तर? मी करून देईन, खरंच.

नौपाडा_जुनं_घर
@मुका_खांब, मनापासून बोललास पण गोधडीला नको. ओली झाली की कड जड होते आणि वाळत घातल्यावर खाली ओढते. त्यापेक्षा गोधडीच्या पिशवीला कर, तिला ट्रेनमधे न्यायला पिशवी लागेलच.

खाडीकाठ
नेरुळ. आमच्याकडे या दिवसांतला सगळ्यात मोठा आनंद म्हणजे बाबांबरोबर फ्लेमिंगो बघायला जाणं. आईला जाऊन दोन वर्षं झाली, बाबा घराबाहेर पडायचे बंद झाले होते, मागच्या हिवाळ्यात मी त्यांना एकदा जबरदस्तीने पाणथळीवर नेलं आणि आता तेच मला उठवतात.

लोक जातात आणि पक्षीच नव्हते म्हणून परत येतात, त्यांच्यासाठी लिहितो. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर पांगलेले असतात, चोच उलटी घालून शेवाळ गाळून खात. भरती आली की चिखल बुडतो आणि थवे उडून आमच्या बाजूच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे नेरुळला जवळून बघायचे तर भरतीला या. आणि भरतीची वेळ बाबा पंचांगावरून काढतात, हे त्यांना एका कोळी मित्राने शिकवलं, तिथीची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. खाडीत आत थोडं मागेपुढे होतं पण एवढं पुरतं. म्हणून आमच्या कॅलेंडरवर एकादशी ते चतुर्दशीला पेनने गोल केलेले असतात, दोन्ही पक्षांतल्या.

फ्लेमिंगोच्या दोन जाती दिसतात, लहान आणि मोठा. लहान जातीची चोच गडद असते आणि अंग जास्त गुलाबी, मोठ्या जातीचं अंग पांढुरकं आणि चोच गुलाबी, टोकाला काळी. मधे राखाडी दिसतात ती पिल्लं, रंग खाण्यातून चढतो त्यामुळे वेळ लागतो. ठाणे खाडीला २०१५ मधे फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि २०२२ मधे रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत घेतलं. पण ज्या पाणथळींवर ते भरतीला येऊन टेकतात त्याही टिकल्या पाहिजेत, चिखल राखून बसायची जागा घालवली तर ते उभे कुठे राहणार. हे मला फार मनापासून वाटतं.

बाबा थर्मासमधे गवती चहा आणि आलं घालून चहा नेतात. परवा एकदम अख्खा थवा उडाला, पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग दिसतो तेव्हा, आणि बाबा म्हणाले हिला दाखवायला हवं होतं. मी काही बोललो नाही. दुसरा कप ओतला.

सुईदोरा
@खाडीकाठ, दोनदा वाचलं. लेकीला जायच्या आधी नक्की आणते, येत्या एकादशीला.

@काकू, पातळं धुऊन वाळवली. जांभळ्याने रंग सोडला, तिसऱ्यांदा धुतलं. आणि एक शोध लागला, हॉलमधल्या लाद्या दोन बाय दोन फुटांच्या आहेत, साडेचार लाद्या म्हणजे बरोबर नऊ फूट, कापडाचा काठ लादीच्या रेघेवर ठेवला की सरळ आहे का वाकडं लगेच कळतं. टेप काढावीच लागली नाही.

खारघरचा_वारा
थंडी संपत आली आणि पोपटीचं नाव कोणीच काढलं नाही? मी मूळचा पनवेल तालुक्यातला. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. आमच्याकडे शेंगा भरल्या की पोपटी, साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. त्याला उग्र वास असतो, कच्चा असताना औषधासारखा, आणि भाजल्यावर तोच वास जेवणाचा होतो. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे, रताळी, कांदे, अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, तोंड पाल्यानेच गच्च बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा तास धरा. झालं का बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन तिथल्या तिथे वाळलं की काढायचं. उचलायच्या वेळी घाई करणारा एक असतोच, त्याला लांब बसवा.

शेंग दाताने ओढून दाणे खायचे आणि साल आगीत टाकायची. पोपटीला चमचा कुणी मागत नाही. रात्री शेतात दव पडलेलं असतं, पाठ गार आणि तोंड आगीने गरम, माझ्या आजोबांच्या अंगावर तेव्हा घोंगडी असायची आणि आम्ही चारपाच पोरं तिच्या आत. आता ते शेत राहिलं नाही, तिथे टॉवर आहेत. आम्ही चुलतभाऊ अजून वर्षातून एकदा एका भावाच्या वाडीवर जमतो, कितीही कामं असू देत.

वाफाळता_चहा
@खारघरचा_वारा फ्लॅटमधे काही उपाय?

खारघरचा_वारा
जाड बुडाचं पातेलं, भांबुर्डा पनवेलच्या बाजारात या दिवसांत बायका शेंगांबरोबर विकायला आणतात, तो भरपूर घाला, वर घट्ट झाकण आणि त्यावर वरवंटा. मंद गॅसवर चाळीस मिनिटं. धुराचा वास येणार नाही पण पाल्याचा येतो. शेंगा मात्र ताज्या हव्यात, सालीवर सुरकुती असेल तर घेऊ नका.

तिळवण
पाचपाखाडीतून. आमच्या घरी रथसप्तमीपर्यंत हलव्याचं काम असतं, आता संपलं म्हणून निवांत लिहितेय. आई दागिने करते, मी हलवा.

हलव्याला काटा का येतो हे लोक विचारतात. पितळी परात, खाली अगदी मंद शेगडी, परातीत तीळ किंवा साबुदाणा किंवा खसखस. साखरेचा एकतारी पाक, दूध घालून मळी काढलेला. तो पाक एका वेळी चमचाभरच घालायचा आणि बोटांनी हलकं हलकं फिरवत राहायचं, वाळला की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दाणा पांढरा होतो एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक काटे फुटायला लागतात. हवा गार आणि कोरडी हवी म्हणून आम्ही पहाटे चारला बसतो, ऊन चढलं आणि दमटपणा आला की पाक चिकटतो आणि आलेला काटा मोडतो. बोटांची टोकं गुळगुळीत होतात, महिनाभर मोबाईलचं लॉक माझ्या बोटाने उघडत नाही.

यंदा शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, बाजूबंद आणि बासरी केली. बाळाने बासरीचं टोक खाऊन टाकलं आणि सगळ्या बायका खूष.

@सुईदोरा ताई, तुमच्या पिनेच्या भोकांबद्दल वाचल्यापासून एक सांगायचं होतं. तो भाग आत जाऊ देऊ नका. वरच्या थरात, डोक्याकडच्या बाजूला येऊ द्या.

वाफाळता_चहा
माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. हाताचीच गोधडी खरी असं नाही. आमच्या सोसायटीच्या मागे एक मावशी मशीनवर शिवतात, साधी सरळ उभी शिवण, आत आपलीच पातळं, आपल्यासमोर मोजून घेतात. माझ्या आईची त्यांनी केलेली सहा वर्षं टिकलीय. ज्यांचे डोळे किंवा मान साथ देत नाही त्यांनी काय करायचं?

नौपाडा_जुनं_घर
रागवायचं काय त्यात, बरोबर आहे तुझं. मशीन वाईट नाही, आपली पातळं न सांगता काढून घेणं वाईट. आणि ज्या बायका हाताने शिवून देतात त्यांच्याशी घासाघीस करू नका एवढंच माझं म्हणणं. दोन-तीन आठवडे वाकून बसावं लागतं एका गोधडीला.

मुका_खांब
रविवारी येऊरला गेलो होतो. काटेसावर लाल झालीय, एकही पान नाही आणि फुलांनी भरलेली, खाली फुलांचा सडा आणि वर मैना, कोतवाल, बुलबुल यांची गर्दी. पळसही सुरू झालाय. सावरीचा कापूस कधी मिळतो? आईला उशी करायचीय.

नौपाडा_जुनं_घर
चैत्र-वैशाखात बोंडं तडकतात. खाली पडलेलीच उचल, झाडाला हात लावू नकोस. आणि भरताना खिडक्या बंद, पंखा बंद, नाकाला रुमाल.

सुईदोरा
मंडळी, आज सकाळी झाली.

एकोणीस दिवस लागले. रोज दुपारी दोन तास आणि रात्री जेवणं झाल्यावर. पहिल्या दोन फेऱ्यांत टाके मोठे पडले, मग हात बसला. @तिळवण, तुमचं ऐकलं, पिनेची भोकं वरच्या थरात उजव्या कोपऱ्याला आलीत, खाली नारायणपेठेचा लाल रंग असल्यामुळे भोकाभोकातून लाल ठिपके दिसतात.

सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा ओवता येत नाही, पण रोज डायनिंग टेबलाशी खुर्चीत बसून शिवलेल्या भागावरून बोट फिरवायच्या. इथे सैल आहे म्हणायच्या, आणि मी बघितलं की खरंच सैल असायचं. शेवटचं बोटभर उरलं तेव्हा म्हणाल्या आण इकडे. मी नेढ्यात दोरा ओवून दिला. त्यांचा हात थरथरतो, एकेक टाका घालायला वेळ लागत होता, लेक शेजारी गोधडी ताणून धरून उभी. सात टाके घातले त्यांनी. मोठे आहेत, तिरके आहेत. मग शेवटची फट बंद करायच्या आधी पोळीचा एक वाळलेला तुकडा आत सरकवला, त्यांच्या माहेरी तसं करायचे, गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून. लेकीने विचारलं मुंग्या नाही का येणार, तर म्हणाल्या माझ्या आईच्या गोधडीला नाही आल्या.

आत्ता गच्चीत उन्हात टाकलीय आणि मी शेजारी खुर्ची टाकून राखण करतेय, कबुतरं फार. एकादशीला नेरुळला जाऊन आलो, सव्वाआठला थवा आला, बाबांना नमस्कार सांगा.

खाडीकाठ
बाबांनी कॅलेंडरवर पुढच्या एकादशीचा गोलही करून ठेवलाय. लेकीला म्हणावं सुट्टीला येशील तेव्हा तिथी विचारून ये.

मुका_खांब
पिशवी तयार आहे ताई. बारा इंच व्यास, दोरी ओढून बंद होणारी. ठाणे स्टेशनला पुलावर भेटू, सोमवारी संध्याकाळी सात.

वाफाळता_चहा
काकू, तुम्हाला एक विचारते. माझ्याकडे आजीची तीन नऊवारी लुगडी आहेत. मला अंथरायला हवीय, एका माणसापुरती. तीन पुरतील का?

नौपाडा_जुनं_घर
पुरतील, आणि उरेल. सव्वासहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद ठेव, म्हणजे रुंदीला जोडच द्यावा लागत नाही. नऊवार म्हणजे सत्तावीस फूट, एका लुगड्याचे चार तुकडे होतात, तिघांचे बारा. त्यातले सात घे, बाकीच्यांची उशीची खोळ कर. आणि धुवायला आजच टाक, ऊन कडक आहे तोवर.

वाफाळता_चहा
भिजत घातली.